घर बघायला या

शेखर सरांनी एक शब्द बदलला. तो बदलताना त्यांचा हेतू चांगला होता, हे संदेशने पुढेही कधी नाकारले नाही.

"बंगला म्हणायचं नाही," तिकिटाच्या खिडकीला कोपर टेकवून बंगल्याचे ते व्यवस्थापक म्हणाले. "बंगला म्हटलं की इथली माणसं फाटकाबाहेरच थांबतात. त्यांचे आजे-पणजे थांबले, तेही थांबतात. आपण घर म्हणायचं. जुनं घर, सगळ्यांचं घर. कळतंय ना?"

संदेशने मान हलवली. मान हलवणे ही त्याची बोलण्याची निम्मी रीत होती. उरलेल्या निम्म्यात तो तिकिटे देई आणि पर्यटकांना पाण्याचा नळ कुठे आहे ते सांगे.

शेणवा मागे पडून रस्ता मुरबाडच्या दिशेने डोंगराजवळ सरकू लागतो, तिथे सागाच्या आणि हिरड्याच्या व्यापारावर मोठ्या झालेल्या एका शेटजीने तो बंगला बांधला होता. शेटजींचे वारस परदेशी गेले, बंगला एका विश्वस्त संस्थेकडे आला, आणि संस्थेने त्याच्या खांबांना तेल पाजून, फुटक्या रंगीत काचा जुळवून त्याला पुन्हा उभे केले. शनिवार-रविवारी ठाण्या-कल्याणहून गाड्या येत. आसपासच्या गावांतून मात्र कुणी येत नसे. म्हणून संस्थेने यंदा दोन पास काढले. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या माणसाला वर्षभर अर्ध्या दराचा स्थानिक रहिवासी पास. आणि बचत गट, भजनी मंडळे, शाळा यांच्यासाठी समूह पास, ज्यावर अख्खा गट नाममात्र पैशात आत येई. जाड, गुळगुळीत कागदावर ओसरीचे चित्र, आणि खाली एका ओळीत लिहिलेले: हे घर तुमचेही आहे.

गावोगाव जाऊन पास देण्याचे काम संदेशकडे आले. त्याला नीट बोलता यावे म्हणून शेखर सरांनी तीन वाक्ये बसवून दिली. आमचं घर बघायला या. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही घेऊन या. येण्याआधी एक फोन करा, म्हणजे आम्ही तयारीत राहू.

संदेशने ती पाठ केली. दुसऱ्याने बसवून दिलेले शब्द बोलताना त्याला एक प्रकारचा आडोसा मिळे. बोलणारा आपण नव्हे, असे वाटे.

तो त्या आवारातच वाढला होता. बंगल्यामागे, पूर्वी जिथे शेटजींचे घोडे बांधत तिथे, दोन कौलारू खोल्या होत्या. त्याचे वडील बंगल्याचे माळी. ते गेल्यावरही संस्थेने मायलेकांना तिथेच राहू दिले आणि संदेशला खिडकीवर बसवले. नवरात्राच्या सुमारास मात्र शेखर सरांनी त्याला बाजूला घेऊन, अतिशय हळुवारपणे सांगितले होते की उन्हाळ्यानंतर त्या खोल्या रिकाम्या कराव्या लागतील. तिथे दुकान होणार होते. संदेशने तेव्हाही मानच हलवली. आईला अजून सांगितले नव्हते. रोज संध्याकाळी ती विहिरीवरून कळशी घेऊन येताना दिसली की तो ठरवी, आज सांगायचे. ती कळशी उतरवून कमरेवर हात ठेवी, आणि त्याला वाटे, उद्या.

सागपाड्याला तो पोचला तेव्हा भाताची झोडणी चालली होती. अंगणात नव्या पेंढ्याचा वास होता आणि गोजरकाकी, तिथल्या बचत गटाच्या अध्यक्षा, चार बायकांसोबत सुपाने भात पाखडत बसल्या होत्या. भुसाचा पिवळा धुरळा त्यांच्या केसांवर उतरत होता.

"काय रे संदेश, आज इकडं कशी वाट चुकली?"

"काकी, सांगायला आलोय."

"मंग बस आदी. उभ्यानं सांगत्यात ती मयताची बातमी."

तो बसला. बायका हसल्या. त्याने जमिनीकडे पाहत तिन्ही वाक्ये एकापुढे एक म्हटली. आधीच्या दोन गावांत भजनी मंडळींसमोर, देवळाच्या ओट्यावर, हीच वाक्ये म्हणताना काही झाले नव्हते. बुवांनी पास खिशात घातला होता, एवढेच.

इथे मात्र सुपे थांबली.

एकीने पदर तोंडाला लावला. दुसरी म्हणाली, "गो बाय! मुकं मुकं म्हनत व्हतो, ह्यो तर थेट बोल्ला."

"आये नाय आली ती?" गोजरकाकींनी विचारले. त्यांचा आवाज एकाएकी मऊ झाला होता. "तू सोताच आलास?"

"तिचे गुडघे दुखतात."

"पन तिला ठावं हाय ना?"

"हो. मी इकडे आलोय ते तिला माहीत आहे."

खरे होते ते. त्या दुपारी त्याने दिलेले प्रत्येक उत्तर खरेच होते, आणि तरी ती सगळी मिळून एक असत्य तयार होत होते, जसे वेगवेगळे स्वच्छ धागे विणून जाळे होते.

त्याने पास पुढे केला.

"ह्ये काय?"

"पास. हा दाखवला की सगळ्यांना आत सोडतात."

"बगा! बोलावनंबी छापून आनलंय. नोकरीवाला पोरगा, त्याचं समदं पासावर."

पुन्हा हसू उठले. त्याच वेळी घरातून मनस्वी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. गोजरकाकींच्या धाकट्या दिराची, नवसूकाकांची ही मुलगी मुरबाडला रक्त तपासण्याच्या एका लॅबमध्ये काम शिकत होती. जीपच्या मागच्या बाकावर दोघे कितीदा समोरासमोर बसले होते. बोलणे झाले ते खिडकी लावू का, एवढेच. तिने तांब्या त्याच्यापुढे धरला आणि त्याच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात आश्चर्य होते.

तेव्हा त्याला कळले. मुलीच्या घरी कुणी सांगायला येते, ते हेच सांगायला येते. घर बघायला या. मोठ्यांना आणा. आधी कळवा. शेखर सरांनी बसवलेल्या तिन्ही वाक्यांत सागपाड्याला एकही शब्द परका नव्हता.

एक शब्द पुरला असता. बंगला. बंगला बघायला या, काकी, बंगला. तो शब्द त्याच्या जिभेवर आला, तिथे थांबला, आणि त्याने पाण्याच्या घोटाबरोबर तो गिळला. आपण लाजलो म्हणून बोललो नाही, असे त्याने परतीच्या वाटेवर स्वतःला सांगून पाहिले. पण कापलेल्या शेतांवर उन्हे कलत होती, बगळे खुंटांमधून पावले टाकत होते, आणि त्याच्या छातीत लाजेहून निराळे, कोवळे काहीतरी हलत होते. आपल्याला कुणी बोलणारा माणूस समजले, याचा तो आनंद होता. म्हणूनच अपराध अधिक मोठा होता.

आठवडा गेला आणि शेखर सर उत्साहाने खिडकीशी आले. "सागपाड्याहून फोन आला. सात जण येतायत म्हणे, आणि किती अदबीनं बोलले! बघ, एका शब्दात केवढी ताकद असते."

त्याच दुपारी तो मुरबाडला विजेचे दिवे आणायला गेला होता. जीपच्या थांब्यावर मनस्वी त्याची वाट पाहत उभी असल्यासारखी उभी होती.

"तू आमच्या अंगणात काय बोल्लास, कळलं तुला?"

"कळलं."

"कदी? बोलायच्या आदी का नंतर?"

"बोलता बोलता."

ती हसली, मग हसू आवरून तिने पर्सचा बंद दोन्ही हातांनी धरला. "बाबांनी म्हसेवाल्यांना थांबायला सांगितलंय. जत्रेआदी त्यांना हो का नाय ते पायजे. तुझ्यामुळं सगळं थांबलंय."

म्हसे गावाहून तिला आलेल्या स्थळाबद्दल त्याला काहीच माहीत नव्हते. "मी आजच येतो. काकांना सांगतो, चूक झाली."

"नको."

"का?"

"गप ऐक. नको सांगू."

किन्हवली, शेणवा, शेणवा, एक शीट, असे ओरडत जीपवाला त्यांच्या मधून गेला. तो गेल्यावर मनस्वी जवळ आली.

"तो मुलगा वाईट आहे का?" संदेशने विचारले.

"वाईट असता तर बरं झालं असतं. चांगला आहे. नोकरी आहे, घर आहे, दारू नाय. म्हनून तर नाय म्हनायला कारन मिळत नाय. मला आत्ता कुनाच्याच घरी जायचं नाय रे. लॅबचं शिकून होईपर्यंत तरी नाय. पन आमच्यात नुसतं नाय कुनी ऐकून घेतं का? एका स्थळाला नाय म्हनायचं तर दुसरं समोर ठेवायला लागतं. आनि तू आलास, पास घेऊन."

"म्हणजे मी..."

"तू कारन आहेस. रागावू नको."

तो रागावला नाही. त्या दुपारपासून छातीत हलणारे ते कोवळे काहीतरी फक्त निमूटपणे खाली बसले.

"बाबांना संशय आलेला," ती म्हणाली, "की पोरगा एकटा कसा आला. मी सांगितलं, संदेश मला इचारून आलाय. झालं. आता ते येतील, घर बघतील. तुला रीत ठावी आहे. पसंत पडलं तर चहा घेतील, नाय पडलं तर पानी पिऊन उठतील. चहा घेतला तरी पुढचं बोलनं लांबवता येतं, तुझी आयेच म्हनेल पुढच्या वर्षी बघू. तवर म्हसेवाले दुसरीकडं जातील. तू फक्त गप राहा. गप राहनं तुला जमतं."

तिने ते टोचायला म्हटले नव्हते. म्हणूनच ते आत गेले. तो मान हलवून जीपमध्ये बसला, आणि दिव्यांचे खोके मांडीवर धरून सबंध रस्ताभर विचार करत राहिला की ज्याला सगळे साधेपणा म्हणतात ती त्याची गप्प राहण्याची सवय आता एका बापाला फसवण्याच्या कामी येणार आहे.

ते आले तेव्हा सकाळचे दव नुकतेच उडाले होते. पुढे देवजीकाका, घरातले सर्वांत वडील, गोजरकाकींचे यजमान. त्यांच्यामागे नवसूकाका, पांढरी टोपी आणि इस्त्रीचा सदरा घालून. मग गोजरकाकी हिरव्या लुगड्यात, आणि भावकीतली आणखी माणसे. नवसूकाकांच्या हातातल्या पिशवीतून नारळाची शेंडी डोकावत होती. मनस्वी आणि तिची आई रीतीप्रमाणे घरी थांबल्या होत्या. गोजरकाकींनी पास खिडकीवर दोन्ही हातांनी ठेवला. शेखर सरांनी सगळ्यांना पायऱ्यांवर उभे करून फोटो काढला. "आपला पहिला स्थानिक गट," ते म्हणाले. पाहुणे फोटोत हसले नाहीत. अशा कामाला निघालेली माणसे हसत नसतात.

संदेश त्यांना दालनांतून फिरवू लागला. देवजीकाकांनी खांबावर बोटाच्या पेराने ठोकून पाहिले. गोजरकाकींनी खिडकीच्या काचेतून स्वतःच्या तांबड्या झालेल्या हाताकडे पाहिले. शेटजींच्या पलंगापाशी त्या थांबल्या.

"एवढ्या उंचावर चढायला शिडी लागत आसंल."

"पडला तर मोडंल ना शेट," देवजीकाका म्हणाले. मग संदेशकडे वळले. "पानी कुठलं?"

"मागे विहीर आहे."

"वैशाखात?"

"तळ दिसतो. पण आटत नाही."

"सामायिक का सोताची?"

"बंगल्याची," तो म्हणाला. शब्द उशिरा आला होता आणि आता त्याचा काही उपयोग नव्हता. देवजीकाकांनी समाधानाने हुंकार दिला. नवसूकाका मागून येत होते. ते चित्रांकडे पाहत नव्हते, झुंबरांकडेही नव्हते. ते फक्त संदेशकडे पाहत होते, तो कसा चालतो, दार उघडताना कडी हळू उघडतो की आपटतो. आपल्या मुलीला या माणसाच्या हाती द्यावे का, हे एक बाप मन लावून तपासत होता. इतक्या मन लावून त्याच्याकडे आजवर कुणी पाहिले नव्हते. त्या नजरेपुढे संदेशला आपण चोरीच्या कपड्यांत उभे आहोत असे वाटले.

मागच्या ओसरीवर आल्यावर देवजीकाकांनी टोपी नीट केली.

"बरं. शेटचा बंगला बगून झाला. आता घर दाखव."

म्हणजे बंगल्याला ते भुलले नव्हते. तो कुणाचा आहे हे त्यांना ठाऊकच होते. पासाचा मान ठेवायचा म्हणून ते सगळ्या दालनांतून फिरले, आणि आता खऱ्या कामाला निघाले. शेखर सर पुढच्या बाजूला कुणाशी तरी फोनवर बोलत होते. नाही म्हणायला दुसरे कुणी नव्हते. संदेश पायऱ्या उतरला आणि ते सगळे त्याच्यामागून दोन खोल्यांकडे निघाले.

आई उन्हात वाल निवडत बसली होती. तिने वर पाहिले. आधी टोप्या पाहिल्या, मग पिशवीतली नारळाची शेंडी, आणि काहीही न विचारता तिने पदर डोक्यावर घेतला.

"या, या. बसा ना," ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात देऊन इतक्या झटकन उठली की संदेशला तिला हात द्यायलाही वेळ मिळाला नाही. सतरंजी अंथरली गेली. आत चुलीपाशी तिने त्याचे मनगट धरले.

"मला का नाय सांगितलंस रे? लुगडं तरी बदललं असतं." तिचे डोळे भरले होते. "तू बोललास? तू सोता जाऊन बोललास?"

तिने ओल्या हाताने त्याचा गाल थोपटला. "तुझे बाबा म्हनायचे, ह्या पोराच्या तोंडून कदी शब्द निघंल का. बरं झालं. बरं झालं बाबा."

बाहेर माणसे घर पाहत होती. कौले, भिंतीची ओल, देवळी. गोजरकाकी शिंकाळ्याखाली उभ्या राहून म्हणाल्या, "ल्हान हाय पन निटनेटकं हाय. बायमानूस हाय घरात, दिसतंच." आईने ते आतून ऐकले आणि तिचा चेहरा उजळला. तिने कपांत चहा ओतला, ताट संदेशच्या हाती न देता स्वतः बाहेर नेले.

देवजीकाकांनी कप उचलला. ओठांशी नेण्याआधी त्यांनी नवसूकाकांकडे पाहिले. नवसूकाका एक क्षण थांबले, संदेशकडे शेवटचे पाहिले, आणि त्यांनी होकाराची मान हलवली. सगळ्यांचे हात कपांकडे गेले.

"काका, थांबा," संदेश म्हणाला.

आपलाच आवाज त्याला अनोळखी वाटला. सगळे थांबले.

"हे घर आमचं नाही. उन्हाळ्यानंतर सोडायचं आहे. इथं संस्थेचं दुकान होणार."

आई दाराशी उभी होती. तिने चौकटीला हात लावला. तिच्याकडे न पाहता तो पुढे बोलत राहिला, कारण थांबला असता तर पुन्हा बोलू शकला नसता.

"आणि मी तुम्हाला बोलावलं ते या घरासाठी नव्हतं. बंगला बघायला बोलावलं होतं. पास त्याचाच आहे. सगळ्या गावांना दिलाय. सरांनी बंगला म्हणू नको, घर म्हण असं सांगितलं होतं. मी तसं म्हटलं."

बंगल्याच्या पुढच्या बाजूने कुणा पर्यटक मुलाची किंकाळी आणि हसणे ऐकू आले. देवजीकाकांनी कप खाली ठेवला.

"आरं मंग बंगला म्हनायचं व्हतं!"

"आमी काय शेटचा पलंग बगायला टोप्या घालून आलो?" गोजरकाकी म्हणाल्या. त्यांना हसायचे होते की रडायचे, ते त्यांचे त्यांनाच कळत नव्हते. "भर अंगनात बसून बोल्लास रे. पोर समोर उभी असताना."

नवसूकाकांनी हात वर केला तशा त्या गप्प झाल्या. "आमी काय समजलो, ते तुला तवाच कळलं व्हतं का?"

"कळलं होतं."

"आनि तू उठून गेलास."

"हो."

"म्हसेवाल्यांना मी काल नाय म्हनून कळवलं," नवसूकाका म्हणाले. ते ओरडले असते तर बरे झाले असते. "एका टायमाला दोन घरं बगत नाय आमी. हितं यायचं तर तिथलं मोडूनच यायचं, म्हनून मोडलं. चांगलं स्थळ व्हतं. त्याच्या बापानं इचारलं, का? मी सांगितलं, पोरीला बोलावनं आलंय."

संदेशला वाटले होते, खरे बोलले की काहीतरी वाचेल. वाचवण्याजोगे ते कालच गेले होते. मनस्वीला हवे होते ते तिला मिळाले होते, आणि त्याचे खरे बोलणे फक्त या उन्हात बसलेल्या माणसांच्या टोप्या उतरवायला उरले होते.

नवसूकाकांनी नारळाची पिशवी स्वतःकडे ओढली. मग त्यांनी जे विचारले ते विचारायला त्यांना जड जात होते.

"माजी पोर बोल्ली, तू तिला इचारून आलास. इचारलं व्हतंस?"

आता खरे उत्तर एका शब्दाचे होते. पण त्या शब्दाने हा माणूस घरी जाऊन आपल्या मुलीकडे पुन्हा कधी त्याच डोळ्यांनी पाहणार नव्हता. खरे बोलायचे ठरवून उभा राहिलेला संदेश त्या प्रश्नापाशी थांबला. त्याने नवसूकाकांकडे सरळ पाहिले. आयुष्यात तो कुणाकडे इतके सरळ क्वचितच पाहू शकला होता.

"विचारलं होतं. तिला ते खरंच वाटलं. बंगल्याचं मी तिलाही सांगितलं नाही."

"म्हंजी तिलाबी फसवलंस."

"हो."

"का रं?"

त्याने मान खाली घातली, आणि तिचा अर्थ सगळ्यांनी आपापल्या परीने लावला. भावकीतला एक जण रागाने पुटपुटला. पण नवसूकाकांच्या चेहऱ्यावर जे झाले ते संदेशने नीट पाहिले. कपाळावरची घट्ट शीर सैल झाली. त्यांनी मोठा श्वास सोडला.

"पोर खोटं नाय बोल्ली. येवढं तरी बरं झालं."

ते उठले. दारातल्या आईसमोर थांबून त्यांनी हात जोडले. "बाय, तुमचा ह्यात दोस नाय." मग सगळे विहिरीच्या बाजूने फाटकाकडे चालू लागले. देवजीकाका वाटेत काहीतरी बोलत होते, गोजरकाकी डोळे पुसत होत्या. पण नवसूकाकांची चाल येतानापेक्षा हलकी होती. संदेशच्या साऱ्या खरेपणाने त्यांना फक्त मोडले होते, आणि त्याच्या एका खोट्याने सावरले होते. आज घरी गेल्यावर ते मनस्वीला जवळ घेऊन सांगतील की तो पोरगा लबाड निघाला, आणि तिला ते मान खाली घालून ऐकावे लागेल, फसवल्या गेलेल्या मुलीने रडावे तसे रडावे लागेल. ते रडणे आपण तिच्यावर लादले, याची जाणीव त्याला तिथेच, भरलेल्या कपांसमोर उभे असताना झाली. ती त्याला दोष देईल की आभार मानेल, ते त्याला कळेना. दोन्ही सारखेच सोसवणार नव्हते.

आई सतरंजीवर बसली होती. तिने कप एकेक करून ताटात ठेवले.

"कसलं दुकान?" तिने विचारले.

"मधाचं. पापड, टोपल्या. इथल्या बायकांनी केलेल्या वस्तूंचं."

"हं." तिने भिंतीकडे पाहिले, जणू दुकानाची फळी कुठे बसेल ते ती पाहत होती. "कदी कळलं तुला?"

"नवरात्रात."

उन्हात वाल तसेच पडले होते, निवडलेले एकीकडे, न निवडलेले एकीकडे. ती म्हणाली, "पोरीला तू इचारलं नव्हतंस."

तो प्रश्न नव्हता.

"तुला इचारता आलं असतं, तर मला आदी सांगितलं असतंस," ती म्हणाली आणि ताट घेऊन आत गेली. तिने कपांतला चहा पुन्हा पातेल्यात ओतल्याचा आवाज त्याने ऐकला. मग चूल फुंकल्याचा.

"ये," आतून ती म्हणाली. "एवढा कुनी टाकायचा? आपनच पिऊ."

तो आत जाऊन तिच्यासमोर जमिनीवर बसला. तिने दोघांसाठी ओतला. पाहुण्यांसाठी केलेला तो चहा फार गोड होता, आणि त्याने तो शेवटपर्यंत प्यायला.